चैतन्यरथाचा सारथी

रविवारी सकाळी अंधेरीच्या त्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध झेंडूच्या माळा घातलेली बॅटरीवरची एक गाडी फिरत होती आणि तिच्यात माणूसच नव्हता! वळण आलं की वळायची, भक्ताने हात जोडले की थांबायची. लोक अक्षरशः रडत होते.

"सारथी कोण? चैतन्य!" स्वयंगती महाराज माइकवर गरजले. "इंधन कुठलं? श्रद्धा! बिनचालकाच्या गाड्या फक्त शहरातल्या श्रीमंतांना का? माझा रथ खेड्यापाड्यांत जाईल, आंधळ्या-पांगळ्यांना नेईल. ना चार्जिंग, ना धूर!"

क्षमाला हसू आवरेना. ती इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. बिनचालकाच्या गाड्या खऱ्या असतात हे तिला ठाऊक होतं. पण श्रद्धेवर चालणारी मोटर तिने अजून पाहिली नव्हती. ती आली होती वनमालाआत्येला घेऊन. अर्धांगवायूनंतर आत्ये चाकांच्या खुर्चीवर होती. कोकणातल्या त्यांच्या शेवरेवाडीत आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी एकच जीप होती, ती कुंडलिक चालवायचा. आता गावाच्या मुंबईतल्या मंडळाने ती विकून हा रथ घ्यायचा घाट घातला होता.

"कुंडलिकला दुसरं काम मिळेल गं," क्षमाने विचारताच मंडळाचे अध्यक्ष जयवंतराव म्हणाले. "साक्षात चमत्कार दारात आलाय आणि तू शंका काढतेस?"

रथ समोर येऊन थांबला. वनमालाआत्येने त्याची गुडघाभर उंच पायरी न्याहाळली.

"महाराज, माझी खुर्ची ह्येच्यात चढतली कशी?"

"माउली, श्रद्धा असेल तर खुर्चीच सुटेल!"

"आणि नाय सुटली तर?"

"मग श्रद्धा कमी पडली," महाराज गोड हसले.

आत्येचा चेहरा पडला. आपल्या आजाराचा दोषही आपल्याच माथी, हे तिला लागलं. क्षमाचं हसू तिथेच संपलं.

रथ पुन्हा फिरू लागला तशी ती त्याच्याकडे नीट पाहू लागली. रथाच्या कपाळावर काचेचा 'तिसरा डोळा' होता. हात जोडल्यावर रथ लगेच थांबत नव्हता, क्षणभर उशिराने थांबत होता. चैतन्याला नेटवर्क लागतं की काय? मैदानाच्या कडेला भगव्या पडद्यांची एक खोली होती. पाटी होती : 'महाराजांची ध्यानकुटी. प्रवेश निषिद्ध.' महाराज इथे माइकवर, मग आत ध्यान कोण करतंय?

"आत्ये, तुझी शाल दे गं."

"कित्याक?"

"रथाचा सत्कार करते."

जयवंतराव खूश झाले. रथ पुन्हा समोर थांबताच क्षमाने भक्तिभावाने त्याला शाल पांघरवली, ती बरोब्बर तिसऱ्या डोळ्यावर. निघता निघता रथाने दोन गचके खाल्ले आणि तो जागीच थबकला. ध्यानकुटीतून आवाज फुटला, "ओ महाराज, काय दिसत नाय! कपडा काढा तो!"

क्षमाने जाऊन पडदा ओढला. आत चंद्रप्रकाश नावाचा एक टकला गृहस्थ स्क्रीनसमोर बसला होता. हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक, तोंडात गुटखा. मागे बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या.

"म्हणजे ड्रायव्हर आहेच!" जयवंतराव किंचाळले.

"ही माझी कलियुगातली परीक्षा," महाराज पुटपुटले आणि मोटारीकडे निघाले. ती मोटार मात्र चालकासकट होती.

"वाट लागली रे आपल्या चमत्काराची," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

क्षमाने माइक घेतला. "बिनचालकाची गाडी खोटी नाही. माणसं वर्षानुवर्षं राबून ती बनवतात. कॅमेरे, नकाशे, वीज, सगळं लागतं आणि तरी ती चुकते. आपल्या गावाला ती नको असंही मी म्हणत नाही. पण जो आणेल त्याला म्हणा, आमच्या पावसात, आमच्या घाटात, गुरं आडवी बसलेल्या रस्त्यावर चालवून दाखव. नेटवर्क गेलं की काय होतं ते दाखव. बिघडली तर कोण येणार ते सांग. आणि खुर्चीवरच्या बाईला आत कसं घेणार, ते सगळ्यात आधी!"

त्याच संध्याकाळी मंडळाने जीप न विकण्याचं ठरवलं. पुढच्या महिन्यात तिला मागून एक मजबूत उतरती फळी बसली. आत्ये खुर्चीसकट चढली, तेव्हा कुंडलिकने खुशीत इंजिन सुरू केलं.

लोकहो, यंत्राला नमस्कार कसला करता? त्याला प्रश्न विचारा. खरं यंत्र उत्तर देतं; खोटं असेल तर त्याचा मालक तुमची श्रद्धा मोजत बसतो.