दुसरं व्हायोलिन

"प्रभाकरभाऊ, तुमीच बोला त्यांच्याशी," तबल्यावर गवसणी चढवत सुपडू म्हणाला. "सरांचा सूर चढू राहिला ना. वरच्या षड्जावर तर पक्का!"

"हळू बोला," छाया म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. निरंजन सर आत चहा टाकत होते. हळू काय, साध्या आवाजातलं बोलणंही आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

लालबागेतल्या सरांच्या घरी हे चौघे दर गुरुवारी दुपारी जमत. सर संगीताचे निवृत्त शिक्षक. पहिलं व्हायोलिन त्यांचं. सुपडू शाहपुरहून केळीच्या बागेतलं काम आटोपून यायचा. छाया नर्स, ती तंबोरा धरायची. दुसरं व्हायोलिन प्रभाकरचं. सरांनी स्वर लावला की त्याच्या खाली आधार द्यायचा, सर थांबले की तो धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. तीस वर्षांत एकाही श्रोत्याने त्याचं नाव विचारलं नव्हतं आणि त्याला ते खटकलंही नव्हतं. पेपर मिलमध्ये यंत्रांच्या धडधडाटात त्याने उभी नोकरी काढली. बायको म्हणायची, तुमचे कान जाणार बघा. त्याचे कान शाबूत राहिले. गेले ते सरांचे.

सर चहा घेऊन आले. प्रभाकरने घसा खाकरला. त्याआधीच सर म्हणाले, "प्रभाकर, तुझा सूर उतरतोय हल्ली. रविवारी कार्यक्रम आहे. जरा रियाज वाढव."

सुपडूने तोंड उघडलं. प्रभाकरने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हो सर," तो म्हणाला.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. भीमपलास सुरू झाला. मध्य सप्तकात सर अजून पूर्वीचेच होते; गजाच्या एका ओढीत लोक शांत झाले. मग ते वर गेले, आणि षड्ज चढा लागला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली. प्रभाकरने आपला स्वर जागेवरच धरला होता, म्हणून सरांचा आणखी उघडा पडत होता. सर पुन्हा तिथेच गेले. या वेळी प्रभाकरने बोट किंचित पुढे सरकवलं आणि आपला स्वर त्यांच्या चढ्या स्वराला नेऊन मिळवला. छायाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून ती तंबोरा अगदी हलक्या हाताने छेडू लागली. शेवटपर्यंत प्रभाकर सरांबरोबर चुकत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर संगीत मंडळाचे चिटणीस हार घेऊन आले. "सर, आप तो आप हैं," ते मोठ्याने म्हणाले. "पण जोडीदाराला आता आराम द्या. आज त्यांनी तुम्हालाही ओढून नेलं."

प्रभाकर व्हायोलिन पेटीत ठेवत होता. त्याने पेटीचा खटका लावला. सर त्याच्या बोटांकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर प्रभाकरच्या दारात उभे होते. इतक्या वर्षांत ते कधी आले नव्हते. ते खुर्चीवर बसले. पाणी दिलं तरी पेल्याला हात लावला नाही.

"काल वाजवताना मान वळवली, तेव्हा तुझं बोट पाहिलं मी," ते म्हणाले. "षड्जाची जागा मीच तुला दाखवली होती. तू ती कधी सोडली नाहीस. काल सोडलीस. का?"

"सर, झालं असेल थोडं इकडेतिकडे."

"मला ऐकू आलं नाही. मोठ्याने बोल."

"तुमचा सूर चढतो," प्रभाकर म्हणाला.

"काय?"

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली भांडी थांबली. शेजारचं दार उघडं होतं. ज्या माणसासमोर त्याने कधी आवाज चढवला नव्हता, त्याच्या कानाशी वाकून तो ओरडला, "सर, तुमचा सूर चढतो! वरचं तुम्हाला ऐकू येत नाही!"

सर सावकाश खुर्चीत मागे टेकले.

"किती दिवस?"

प्रभाकरने दोन बोटं वर केली. "वर्षं," तो म्हणाला, पण ते ओठांवरूनच वाचावं लागलं.

सरांनी मान हलवली. "आणि मी तुला रियाज कर म्हणालो." ते उठले. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो आधारासाठी होता की आणखी कशासाठी, हे प्रभाकरला कळलं नाही.

पुढचे तीन गुरुवार सरांचं दार बंद होतं. चौथ्या गुरुवारी छायाला सरांचा निरोप आला: चैत्रात इच्छापुरला देवीपुढे वाजवायचं आहे, सगळ्यांनी या.

चैत्रातल्या त्या सकाळी देवळाच्या पायऱ्या सर सुपडूच्या हाताला धरून चढले. मंडपात बैठक घातली होती. प्रभाकर सवयीने मागे सरकून बसला. सरांनी त्याला मनगट धरून पुढे ओढलं आणि स्वतः मागे बसले. आपल्या व्हायोलिनच्या खालच्या दोनच तारा त्यांनी लावल्या. तिथलं त्यांना अजून ऐकू येत होतं.

"सर, मला नाही जमणार हे," प्रभाकर म्हणाला.

सरांना ते ऐकू आलं नसावं. छायाने तंबोरा छेडला. सरांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि हाताला सूर लागेपर्यंत तसेच बसून राहिले. मग हात काढून त्यांनी गज उचलला.

"सुरू करा, प्रभाकरराव," ते म्हणाले. "मी खाली आहे."