भिंतीला चिकटलेले खडे

भिंतीवर सत्तेचाळीस खडे चिकटलेले होते, फरशीवर एकशे बारा पडलेले. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आर्पिनेने ते दोनदा मोजले. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

"जगातला पहिला ख्रिस्ती देश आपला आर्मेनिया!" भिंतीपाशी दान गोळा करणारा हमायाक गर्जत होता. "ही भिंत त्या काळाची साक्षीदार. सतराशे वर्षांची भिंत खोटं बोलेल? मागणं मागा, खडा दाबा. चिकटला, तर मागणं पुरं होणार. पडला, तर तुमची श्रद्धाच पातळ!"

पहिल्या बाकावर आर्पिनेची धाकटी बहीण वार्दुही बसली होती. तिच्या मांडीवर आठ वर्षांची लुसिक धापा टाकत होती. पोरीच्या श्वासाला सडक्या सफरचंदांचा वास येत होता.

"इन्सुलिन दिलंस ना?"

"परवा आमचा खडा चिकटला, ताई. बाटल्या ओढ्यात फेकल्या."

"ऊठ! दवाखान्यात चल."

"आता सुई टोचली तर मागणं मोडेल. हमायाकनी बजावलंय." तिने पोरीला घट्ट कवटाळलं.

भिंतीवरचा विश्वास उडाल्याशिवाय ही उठणार नव्हती. आर्पिनेने हमायाककडे निरखून पाहिलं. भरघोस दान देणाऱ्यांना तो मेणबत्त्यांलगतच्या लोखंडी तबकातले खडे देई, बाकीच्यांना दारातल्या बादलीतले. तिने बादलीतला खडा घेऊन भिंतीला दाबला. पडला.

"मास्तरीणबाईंची श्रद्धा घसरली!" हमायाक म्हणाला. लोक हसले.

तोच खडा तिने ज्योतीवर धरला. बोटं पोळली.

"माझी आई नऊ वर्षांपूर्वी वारली," ती मोठ्याने म्हणाली. "ती आज जेवायला घरी येऊ दे."

तिने खडा भिंतीला दाबला. चिकटला. कुणी हसलं नाही.

"वार्दुही, आईचं पान मांडायचं का?"

"सैतान बोलतोय हिच्या तोंडून!" हमायाक ओरडला. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने तबकातला खडा उचलला आणि टाकला. "अरे, हा तर चटके देतोय!"

"इथे पिढ्यान्‌पिढ्या मेणबत्त्या जळल्या," आर्पिने म्हणाली. "भिंतीवर मेणाचा थर बसलाय. तापलेल्या खड्याने मेण वितळतं, गार दगडावर लगेच थिजतं. भिंत आपल्या पूर्वजांची आहे, ती जपा. पण दुखणी तिला कळत नाहीत. कुणीही चमत्कार सांगो, आधी पडताळून बघा. लेकरू पणाला लावू नका."

वार्दुही उठली. लुसिकची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली होती.

तालुक्याच्या रुग्णालयात नर्सने पोरीच्या बोटातून थेंब घेतला. साखर शंभरच्या आसपास हवी होती.

पाचशे अडतीस.