शहाण्याला शब्दाचा मार

मास्तरांचा आवाज म्हणजे नुसता कहर होता. रिंगणात त्यांनी "टाच खाली!" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतून सायकलवर जाणारा माणूससुद्धा नकळत टाच खाली घ्यायचा, असं लोक सांगत. लोकांचं काय, लोक काहीही सांगतात. पण घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या त्या शाळेत कधी माइक लागला नाही की शिट्टी लागली नाही, हे मात्र खरं. सकाळी पोरंटोरं, संध्याकाळी मोठी माणसं, आणि मधोमध वाळूत पाय रोवून उभे मास्तर.

आणि रोग झाला तो नेमका त्याच घशाला. दुसरी जागा सापडली नाही मेल्याला!

घशाचे डॉक्टर मोठे सज्जन होते. त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवलं, बाजूला मास्तरीणबाईंना आणि लेकीला बसवलं आणि सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग परत कधी बसवणार?"

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाशी नेला. मग डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. काढलं तर जगाल, पण बोलता यायचं नाही, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल. नाही काढलं तर फार दिवस नाहीत. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाढ काढायला सांगितल्यासारखे म्हणाले, "बघू. एवढा हंगाम जाऊ दे."

हंगाम कसला आलाय! पोरं बारा महिने पडत होती आणि बारा महिने उठून पुन्हा बसत होती. पण मास्तरांनी एकदा 'बघू' म्हटलं की विषय मिटला. घरात मग रोज तेच. मास्तरीणबाई ताट वाढताना रडायच्या, मास्तर घास गिळताना तोंड वाकडं करायचे आणि लेक दोघांकडे बघत जेवायची नाही. लेकीचं वय तिशीच्या पुढे. शाळेत सगळे तिला ताई म्हणत. खोगीर चढवणं, पोरांच्या रिकिबी लहान-मोठ्या करणं, पडलेल्यांचे गुडघे धुणं, हे सगळं तिच्याकडे. शिकवायचे मात्र मास्तर.

"आवाज गेला की शाळा गेली," एक दिवस ते भडकून म्हणाले. "आणि शाळा गेल्यावर मी जगून काय दिवे लावू? खिडकीत बसून कावळे मोजू?"

"मी चालवीन शाळा," लेक म्हणाली.

मास्तर हसले. हसता हसता खोकले आणि रुमालाला लाल डाग पडला, तो त्यांनी मुठीत लपवला. पण लेकीला दिसायचा तो दिसलाच.

मास्तर हसले ते उगाच नाही. ह्या शाळेत एक गंमत होती, आणि ती शिकायला येणाऱ्यांना कळली असती तर निम्म्यांनी आपले महागडे बूट त्याच दिवशी काढून ठेवले असते. तिथं घोडा स्वाराचं ऐकायचाच नाही. घोडा मास्तरांचं ऐकायचा. थोरला तांबडा घोडा होता, त्याचं नाव मास्तरांनी शहाणा ठेवलं होतं. का, तर "शहाण्याला शब्दाचा मार," असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर दरवेळी नव्यानं हसायला मिळावं म्हणून. मास्तर म्हणायचे, "पोटरी दाबा, आता दुडकी!" पाठीवरचा माणूस आपली पोटरी नेमकी कुठं आहे हे शोधेपर्यंत शहाणा दुडक्या चालीनं निघालेला असायचा. मास्तर "होऽऽ" म्हणाले की स्वाराचा हात लगामाला भिडण्याआधीच त्याचे चारी पाय थांबलेले. बाकीचे दोन घोडे शहाण्याच्या शेपटीमागून चालायचे, त्यांना वेगळी अक्कल लागत नव्हती. आणि पाठीवरचा माणूस घरी जाऊन सांगायचा, आज मी घोडा पळवला.

दातांचे एक डॉक्टर होते, ते तर तीन वर्षं येत होते. "आता घोडा अगदी माझ्या मुठीत असतो," असं दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या लोकांना ऐकवायचे. त्या बिचाऱ्यांचं तोंड उघडं असायचं, ते काय बोलणार!

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. कळत होतं, पण वळत नव्हतं. पहिल्या दिवशी घोडा चालला की माणूस खूष होऊन दुसऱ्या दिवशी येतो. एकदा त्याला खरं शिकवू, पुढच्या महिन्यात शिकवू, असं करता करता माणसं येत गेली, जात गेली आणि शिकले काय ते घोडेच.

शेवटी लेकीनं पैज लावली. चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "बाबा, रविवारचा एक तास तुम्ही गप्प बसायचं. कठड्याबाहेर, बाकावर. एक शब्द बोलायचा नाही. रिंगण चाललं तर सोमवारी दवाखान्यात यायचं."

"आणि नाही चाललं तर?"

"तर मी पुन्हा तोंडातून ऑपरेशनचं नाव काढणार नाही. आईलाही काढू देणार नाही."

मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या, "असली कसली गं पैज! माणसाच्या जिवाशी खेळ चाललाय का?" पण मास्तरांनी कपातला चहा संपवला आणि हात पुढे केला. घोडं हलायचं नाही ह्याची त्यांना खात्री होती. आणि मरायची तयारी असली तरी हरायची त्या माणसाला सवय नव्हती.

रविवारी लेकरं आणि आईबाप एकत्र बसायचे. दातांचे डॉक्टर होते, त्यांची नऊ वर्षांची मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणायचे, आणि एक चष्मेवाल्या बाई होत्या, त्या पाठदुखीवर उपाय म्हणून यायच्या आणि पाठ धरून जायच्या. चिमणी शहाण्यावर, तिच्यामागे बाप, त्याच्यामागे चष्मेवाल्या बाई. मास्तर बाहेर बाकावर. लेक मधोमध वाळूत, बापाच्या जागी.

"चला, पोटरी दाबा," ती म्हणाली. "चाल."

शहाण्यानं कान हलवले आणि मान वळवून बाकाकडे बघितलं.

"चिमणे, दाब पोटरी. दोन्ही बाजूंनी. चाल, शहाण्या."

चिमणीनं दाबली. मग टाच मारली. मग दोन्ही टाचा मारल्या, जिभेचा शेंडा दातात धरून. शहाणा ढिम्म. मागून डॉक्टर म्हणाले, "लगाम जरा सैल सोड, बाळा, मी दाखवतो," आणि आपल्या घोड्याला अशी काही टाच मारली की स्वतःच पुढे त्याच्या मानेवर आले. घोडा जागचा हलला नाही. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "माझा झोपलाय वाटतं."

लेकीनं सगळं करून पाहिलं. पुढे होऊन शहाण्याचा लगाम धरून ओढलं, तर तो पाच पावलं आला आणि तिनं हात सोडताच थांबला. चुचकारलं, दटावलं. तिचा आवाज बारीक, आईवर गेलेला. घोड्यांनी तो आयुष्यभर ऐकला होता, पण खरारा करताना आणि चारा घालताना. त्या आवाजाला उभं राहायचं असतं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

कठड्याशी उभ्या आईबापांत कुजबूज सुरू झाली. चिमणी रडायला लागली. "मला येत होतं," ती म्हणत होती. "बाबा, मला खरंच येत होतं."

मास्तर बाकावर मांड्या घट्ट धरून बसले होते. आपण जिंकलोय हे त्यांना कळत होतं आणि आयुष्यात इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं. एवढ्या माणसांना आपण बसायला शिकवलं म्हणतो, आणि एका लहान पोरीला चार पावलं घोडा चालवता येत नाही? एक हाक मारावी आणि सगळं सुरळीत करून टाकावं असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. त्यांनी लेकीकडे बघितलं. ती पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

मग ते खांदे थांबले. तिनं पाय फाकवले, एक हात कमरेवर ठेवला, घशातून एक मोठा खाकरा काढला आणि रिंगणात आवाज घुमला.

"चाऽऽल रे शहाण्या! मान वर! काय सासरी निघालायस काय?"

शहाणा चालला.

बाकीचे दोघे चालले. कठड्याशी उभ्या माणसांनी माना वळवून मास्तरांकडे बघितलं, आणि मास्तरांचं तोंड मिटलेलं होतं. मग पोरं हसायला लागली. हुबेहूब! तोच घोगरा सूर, तोच शेवटचा शब्द उडवायचा ढंग, मध्येच श्वासाला अडकणं, तेसुद्धा. "दुडकी! टाच खाली, डॉक्टर, टाच! पेशंटच्या पायावर उभे आहात का?" आणि दुडकी सुरू. चिमणीचे डोळे ओले होते आणि ती खोगिरावर उसळत हसत होती.

लहान असताना लेक पाहुण्यांपुढे त्यांची अशीच नक्कल करायची. एकदा त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली होती. त्यानंतर तिनं कधी केली नाही. निदान त्यांच्या कानावर येईल अशी नाही.

तास संपल्यावर ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. चेहरा घामानं आणि धुळीनं भरलेला.

"हा माझा आवाज होता," मास्तर म्हणाले. "ही लबाडी आहे."

"तुम्ही तोंड उघडलंत का? नाही ना? मग झालं."

"पण माझ्या—"

"असू दे लबाडी!" ती आता तिच्याच बारीक आवाजात ओरडली आणि रडायला लागली. "मला बाप पाहिजे. समजलं? सोमवारी यायचं म्हणजे यायचं."

मास्तर सोमवारी गेले. शब्दाचे पक्के होते. आत नेण्याआधी बायकोला काही तरी चांगलं सांगावं असं त्यांना फार वाटलं, पण आयत्या वेळी सुचेना, तेव्हा "अगं, तबेल्याचं दार लावायला सांग," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं ते शेवटचं वाक्य.

जगले. ऑपरेशन उत्तम झालं, सगळ्यांनी पेढा मिळाल्यासारखी तोंडं केली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही मिळालं. घरात वापरून बघण्याआधी मास्तर ते घेऊन गुपचूप तबेल्यात गेले आणि गळ्याला टेकवून म्हणाले, "शहाण्या." पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज निघाला. शहाण्यानं कान पाडले आणि तो भिंतीला जाऊन चिकटला. मास्तरांनी यंत्र खिशात घातलं आणि घरी येऊन कपाटाच्या खणात ठेवून दिलं. मास्तरीणबाईंनी दोन-तीनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

शाळा जोरात चालली होती. लेक रिंगणात त्यांच्या आवाजात बोलायची आणि घरी बोलायचीच नाही, घसा धरून गरम पाणी पीत बसायची. "हळूहळू घोड्यांना माझा आवाज शिकवीन," असं ती सुरुवातीला म्हणत होती. पण पहिल्याच दिवशी घोडा चालला की माणूस दुसऱ्या दिवशी येतो, हे तिलाही कळलं होतं. मास्तर रिंगणाकडे जात नसत. आपलाच आवाज समोरून यायला लागला की गळ्याचं भोक कुणी बोटानं दाबल्यासारखं त्यांना व्हायचं.

घरी मास्तरीणबाई सुरुवातीला दोघांच्या वाटचं बोलायच्या. "भाजीत मीठ कमी आहे म्हणताय ना? आहेच कमी." पण एकट्या माणसानं किती बोलावं? हळूहळू त्याही गप्प झाल्या. मास्तरांना काही हवं असलं की ते चमच्यानं ताट वाजवायचे, त्या यायच्या, हवं ते द्यायच्या आणि जायच्या. मग त्या रविवारी सकाळी भाजी आणायला जाऊ लागल्या, आणि भाजीला वेळ लागू लागला.

एका रविवारी पाऊण सकाळ झाली तरी त्या आल्या नाहीत, तेव्हा मास्तर गळ्याला रुमाल बांधून शोधायला निघाले. बाजारात नव्हत्या. शेजारणीकडे नव्हत्या. रिंगणाकडे बघण्याचं त्यांच्या मनातही नव्हतं, कारण घोड्यांच्या केसांनी बाईंना शिंका यायच्या आणि लग्न झाल्यापासून त्यांनी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. ते आपले तबेल्यामागून घरी परतत होते.

तर त्या बाकावर बसलेल्या दिसल्या. रिकामी पिशवी मांडीवर, नाकाला घट्ट धरलेला हातरुमाल आणि डोळे मिटलेले. लाल झालेल्या नाकातून पाणी गळत होतं, ते त्या पुसत होत्या, पण उठत नव्हत्या. रिंगणात लेक उभी होती आणि मास्तरांचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांना झोडपत होता.

मास्तर बाकाच्या मागे येऊन थांबले. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. हवा आली, पण ती तोंडातून नाही, खाली रुमालातून.

"अगं!" आवाज गरजला. चिमणीचा लगाम सुटला होता. "अगं, लक्ष कुठंय तुझं? इकडे बघ की जरा!"

"ओ," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आले."

आणि डोळे मिटलेलेच असताना, पिशवी सावरत, त्या बाकावरून अर्ध्या उठल्या. मग भानावर आल्या. हळूच खाली बसल्या आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून त्यांनी आजूबाजूला बघायला मान वळवली.

मास्तर त्याआधीच खांबाच्या आड सरकले होते. तिला ओशाळं वाटायला नको.