जमुनाच्या लग्नाच्या शिंदी

पालघर, स्टेशनाबाहेर. एक दुकान, फक्त कंदिलाच्या काचांचं. मालक प्रत्येक काच गिऱ्हाइकाच्या कानाशी धरून टिचकी मारतो. नाद नीट आला तरच विकतो.

चिंचणी, देवळामागची गल्ली. दागिन्यांचे साचे कोरणारा म्हातारा. विकत घेण्यासारखं काही नाही, पण बसायला चटई मिळते.

बोईसर, फाटकापलीकडं. बेकरी. नानकटाई संपली की मालक दार ओढून झोपतो.

ही ठिकाणं कमलाकांतनं शोधून काढली होती. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा तो मिरजेहून नकाशे काढायच्या नोकरीवर आला. बोईसरला भाड्याची खोली, खानावळीत जेवण, रविवारी सायकल. बाकीच्यांना या भागात धूळ आणि डास दिसत, त्याला दुकानं दिसत. सोमवारी खानावळीत हात ताटावर वाळेपर्यंत तो त्यांचं वर्णन करी आणि माणसं घास थांबवून ऐकत. त्या ऐकण्याची त्याला चटक लागली होती.

मग मासवण.

मासवणच्या अलीकडं, पाड्यावर, राहीबाईचं अंगण. पाटी नाही. दारूबंदीच्या दिवसांत पाटी कोण लावणार? सकाळी तिथं नीरा मिळे. ऊन चढलं की तीच आंबून ताडी होई, आणि ऊन चढलं म्हणून कुणी उठून जात नसे. कमलाकांत थांबला तो सायकल पंक्चर झाली म्हणून. राहीबाईनं कोण, कुठला, काही विचारलं नाही. भाजलेले वाल सुपात घालून पुढं सरकवले.

"बसा, भाऊ. चाक काय पलून जात नाय."

तिचा नवरा देवू कमरेला मडकं बांधून शिंदीवरून उतरला आणि न विचारता त्याचा द्रोण भरला. संध्याकाळपर्यंत कमलाकांतला पंक्चरची आठवणही राहिली नाही.

अंगणाभोवती शिंदीची झाडं होती. सगळ्यांना शेंड्याखाली खाच. दोन मात्र कोरी.

"त्या दोन का सोडल्या?"

"त्या जमुनाच्या," राहीबाई म्हणाली. आत चुलीशी बसलेली मुलगी लाजून भिंतीकडं वळली. "माघात लगीन हाय तिचं."

लग्न ठरलं की मुलीचा बाप दोन झाडं राखतो. तोवर त्यांना कोयता लावत नाही. मग लग्नात त्यांचीच ताडी भरून देतात. आधी देवाला, मग व्याह्यांना.

"विकत आणून वाढली तर?"

"व्याही थुकंल तोंडावर," देवू म्हणाला आणि मोठ्यानं हसला.

कुणाला सांगू नका, असं राहीबाई काही म्हणाली नव्हती. पुढं कमलाकांतनं हे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

सोमवारी खानावळीत त्यानं सांगितलं. रविवारी दोघं त्याच्याबरोबर आले. त्याच्या पुढच्या रविवारी सायकली अंगणात मावेनात. मग ट्रक आला, आणि ट्रकात सगळ्यांच्या पुढं प्रताप, ओव्हरसियर. त्याच्या शब्दावर कमलाकांतची नोकरी कायम व्हायची होती.

दुपारीच मडकी कोरडी पडली. पाड्यावरचे दोन म्हातारे नेहमीच्या वेळी आले, अंगणातली गर्दी पाहिली आणि बांधावरूनच परत फिरले.

"कमलाकांत, लेका, एवढा डंका पिटलास तो याच्यासाठी?" प्रताप म्हणाला. "पुढल्या रविवारी मोठ्या साहेबांना आणतोय. त्यांच्यासमोर अशी शोभा करू नकोस."

मागून कुणी तरी म्हणालं, "अरे, चलो यार, यहाँ तो सूखा है." ट्रक हसला.

कमलाकांतनं देवूला बाजूला घेतलं. "देवूभाऊ, त्या दोन. एवढ्याच रविवारपुरत्या. लग्नाला अजून महिना आहे, पुन्हा भरतील."

पुन्हा भरतील, हे तो कुठल्या आधारावर बोलला? त्याच्या नकाशात झाड म्हणजे पेन्सिलीचा एक गोल.

देवूनं बायकोकडं पाहिलं. राहीबाई सुपातले वाल पाखडत राहिली. "आपल्या दारातून पाव्हना कोरडा गेला नाय कदी," ती शेवटी म्हणाली. ती हे कोणाला सांगत होती ते कळलं नाही.

त्या आठवड्यात देवूनं दोन्ही शिंदी सोलल्या, खाचा पाडल्या. रविवारी मडकी भरून उतरली. मोठे साहेब खूश झाले. प्रतापनं कमलाकांतच्या पाठीवर थाप मारली. कमलाकांतही प्यायला. तशी चव त्या अंगणात पूर्वी कधी नव्हती, आणि हे त्यानं तिथं सगळ्यांदेखत बोलूनही दाखवलं.

कसं जायचं ते आता तो कुणाला सांगत नसे. गरजही उरली नव्हती. बोईसरच्या नाक्यावर ट्रकवालेच "मासवण, मासवण" ओरडत.

माघ.

"तुमी तर घरचे," म्हणून त्याला मांडवात पुढं बसवलं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात होती. देवापुढं ताडी पडली. मग व्याह्यांची पाळी. देवू मडकं कलतं करत गेला, आणखी कलतं करत गेला, आणि तिसऱ्या माणसापाशी ते उपडं झालं. दुसऱ्या मडक्यात पाण्यासारखं पातळ काही तरी होतं. शेजाऱ्यांनी आपल्या झाडांची थोडी थोडी आणून ओतली होती, तीही कुठवर पुरणार?

नवरदेवाचा काका चिंतू उठला. "राहीबाय, दोन झाडं राखली म्हनून निरोप होता. ताडी गेली कुठं?"

गाणं थांबलं. कमलाकांतला वाटलं, आता ती बोट दाखवेल. दाखव, बाई.

"झाडांनी दिली नाय," राहीबाई म्हणाली.

"झाडांनी नाय? मंग छेदनारा कच्चा!" चिंतू देवूकडं वळला. "बायको मिलाली, कोयता नाय मिलाला तुला?"

पंचक्रोशीत ज्याच्या हाताचं नाव घेत, तो देवू खाली मान घालून उभा राहिला. आत जमुनाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"मी प्यालो," कमलाकांत म्हणाला.

सगळे त्याच्याकडं पाहू लागले.

"मीच. त्या दोन्ही झाडांची."

"एकल्यानं?" चिंतूनं विचारलं.

"ट्रकभर माणसं आणली होती."

कुठल्याशा बाईला हसू फुटलं. मग मांडवभर. धोतर-चष्म्यातला हा किरकोळ माणूस, आणि दोन झाडं! चिंतूनं मांडीवर हात आपटला. "पोट हाय का विहीर, भाऊ?"

"खरं सांगतो, मी देवूला म्हणालो..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. चिंतू खाली बसला. "जाऊ दे. हाय ती अर्धी अर्धी वाटा." धवलेरीनं सूर पुन्हा धरला. राहीबाईनं पदरानं तोंड पुसलं. देवू सर्वांत जास्त हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"विहीरवाल्याला भरून द्या!" चिंतू ओरडला.

सगळ्यांचे द्रोण अर्धे होते. त्याचा काठोकाठ भरला गेला, देवूच्याच हातानं. पानाचा द्रोण खाली ठेवता येत नाही, कलंडतो. कमलाकांत तो दोन्ही हातांत धरून बसला, आणि सगळा मांडव त्याच्या पहिल्या घोटाची वाट पाहू लागला.