दहापैकी चार

"वेदना सोसणं माणसाच्या नशिबात असेल, पण ती कुणीतरी ऐकून घेणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो हिरावून घेण्याची हिंमत जगातल्या कुठल्याही सत्तेत नाही!"

हे वाक्य डॉ. मृणालिनी पेंडसे हिने हॅमिल्टनमधल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसून उच्चारलं, तेही इंग्रजीतून, म्हणजे सगळ्यांना कळावं. ऐकायला तिचे वडील काशिनाथराव होते, काचेच्या टाकीतले मासे होते आणि काउंटरवरची बाई होती. बाई आदबीने म्हणाली, "टॉयलेट उजवीकडे आहे."

मृणालिनी संतापली होती, आणि संतापायचा तिला शास्त्रीय अधिकार होता. सोळा वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे होती : नस दुखावली की वरची जखम भरल्यावरही दुखत का राहतं? आधी पुण्यात, मग इथल्या प्रयोगशाळेत. उंदरांच्या तळपायाला केसासारखी तार टेकवायची आणि ते पाय कधी ओढून घेतात ते बघायचं, यातच तिला चष्मा लागला. अनुदान देणाऱ्यांनी दोनदा विचारलं, "याचा उपयोग काय?" दोन्ही वेळा तिने शांतपणे समजावलं. तिसऱ्यांदा ती ओरडली, तेव्हा अनुदान मिळालं.

आणि आता तिच्या सख्ख्या बापाला नागीण झाली होती. फोड केव्हाच वाळले, पण आतल्या नसा पोळून निघाल्या होत्या. कमरेच्या डाव्या अंगाला सदऱ्याचं कापड लागलं तरी काशिनाथराव डोळे मिटून घेत. मृणालिनीचं अख्खं संशोधनच पुण्याहून विमानात बसून तिच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायला आलं होतं म्हणा ना! ती वेदनेवर भाषण द्यायला ऑकलंडला गेली असताना जावयाने सासऱ्यांना या दवाखान्यात आणलं. आणि इथे त्यांना दिलं काय?

"पॅरासिटामॉल!" डॉक्टरच्या खोलीत पाय टाकता टाकता ती कडाडली. "पोळलेल्या नसेला पॅरासिटामॉल? त्यापेक्षा गुलाबपाणी शिंपडायचं होतं!"

डॉक्टर ग्रॅहम हा जुलैत, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, हाफ पँट घालणारा गोड माणूस होता. "किआ ओरा," त्याने इथल्या पद्धतीने नमस्कार केला. "अहो, त्यांनीच चार सांगितलं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य, तर तुमचं किती, असं मी विचारलं. म्हणाले, चार. आणि पाचाच्या खाली नसेचं औषध द्यायचं नाही, असा नियम आहे."

मृणालिनी गर्रकन वळली आणि मराठीत शिरली. "बाबा! चार? अंथरुणाला पाठ टेकवत नाही तुम्हांला, आणि चार?"

"चार म्हणजे चांगलेच की," काशिनाथराव म्हणाले.

त्यांची हयात शाळेत गणित शिकवण्यात आणि बोर्डाचे पेपर तपासण्यात गेली होती. त्यांच्या हातून दहापैकी सहा मिळवलेला एक विद्यार्थी अजून लग्नाकार्यात ते सांगत फिरतो.

"निदान सात तरी द्या!"

"ग्रेस मार्क? आणि ते माझ्याच दुखण्याला? वशिला म्हणतात याला, मृणाल."

"बाबा, हा काय पेपर आहे?"

"आज दहा देऊन बसलो आणि उद्या वाढलं, तर काय देऊ? अकरा?"

मृणालिनी पुन्हा डॉक्टरवर घसरली. "पाचाच्या खाली सांगितलं तर नसेचं औषध द्यायचं नाही, हा नियम कुठल्या गाढवाने केला?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. "तुमच्याच संशोधन गटाने. मार्चमध्ये तुम्हीच इथे येऊन आम्हांला समजावलात. फारच छान बोललात."

पण सोळा वर्षांचा संताप असा एका वाक्याने विझत नसतो. त्याला फक्त घरचा पत्ता सापडला.

"मग आमचा नियम चुकला! उंदराला आम्ही कधी आकडा विचारला नाही. त्याने पाय ओढला की मानलं, याला दुखतंय. उंदरावर विश्वास, आणि माणसाला मात्र म्हणायचं, आधी आकडा सांग? आम्ही काय आकड्याला औषध देतो?" ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्हांला मुतखडा झाला होता. शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातलं होतं. त्याला किती द्याल?"

काशिनाथरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "अडीच."

मृणालिनीने ते इंग्रजीत सांगितलं, एकेक शब्द वाजवून. गेल्या वर्षी डॉक्टरलाही मुतखडा झाला होता, आणि त्याने न विचारता दहा सांगितले होते. तो मुकाट्याने नसेचं औषध टाइप करू लागला.

जिंकल्यावर गप्प बसण्याची कला मृणालिनीकडे नव्हती. बसलेल्या वडिलांवरून वाकून तिने पडद्यावर बोट रोखलं. "हेही लिहा! सुती कापड, वाऱ्याची झुळूक, एवढंसं काही नुसतं लागलं तरी या माणसाच्या मस्तकापर्यंत..."

"मृणाल," काशिनाथराव डोळे घट्ट मिटून म्हणाले.

"थांबा हो बाबा, तुमच्यासाठीच भांडतेय ना!"

"ते कळतंय गं. पण तुझ्या स्कार्फचं टोक मघापासून माझ्या कमरेवर घासतंय. तेवढं जरा बाजूला घेतेस का?"