काळा ठिपका म्हणजे गुन्हा नव्हे

मित्रांनो, मी काचेची आहे, जुनी आहे, आणि माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. पण माझी कीव करू नका. एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी चोवीस वर्षं काम केलं. तळहातावर मावेल अशी ही चपटी, गोल, झाकणाची बशी. तिथं मला सगळे ‘प्लेट’ म्हणत. माझं मूळचं झाकण दुसऱ्याच वर्षी फुटलं आणि मी एका परक्या झाकणाशी संसार थाटला. ते जरा सैल बसतं, पण आमचं कधी वाजलं नाही.

तापून लाल झालेल्या काचेवर साचा दाबून माझा जन्म झाला. आगीतूनच आले म्हणून असेल, वाफेच्या बंद भांड्याची मला कधी भीती वाटली नाही. कामाआधी वाफ, कामानंतर वाफ, मग साबण, मग तीन पाण्यांतून खंगाळणं. हे सगळं धुणारे काका करत. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. साबणाचा एक कण राहिला तरी निकाल खोटा येतो, असं ते स्वतःलाच बजावत आणि आम्हाला उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत.

माझं खरं काम सांभाळणाऱ्या होत्या ताई. जंतू ओळखणं हे त्यांचं काम. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना खाऊ घालून वाढवावं लागतं, तेव्हा एकेका जंतूची लाखो पिल्लं होऊन ठिपका दिसतो. त्या ठिपक्याला ताई ‘वसाहत’ म्हणत. पण पोटातल्या नमुन्यात शंभर जातींची गर्दी. त्यातून हवा तो कसा शोधायचा? त्यासाठी त्या माझ्यात एक खास माध्यम ओतत. त्यात पित्तातले क्षार आणि हिरवा रंग घातलेला असे. बहुतेक जंतूंचं तिथं काही चालत नसे, पोटाच्या आजारांचे जंतू मात्र तग धरत. शिवाय त्यात दुधातली साखर असे. जो जंतू ती खाई त्याची वसाहत गुलाबी होई. जो न खाई त्याची फिकी राही. आणि जो गंधकाचा वायू सोडी, त्याच्या फिक्या ठिपक्याच्या मधोमध काळा डाग पडे. हे माध्यम वाफेच्या भांड्यात घालायचं नाही, नुसतं उकळायचं. एकदा कुणीतरी घाई करून ते घातलं, तेव्हा ताईंनी सगळं ओतून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं.

आता ती गोष्ट सांगते.

गावाच्या टोकाला मुलींचं एक वसतिगृह होतं. एका आठवड्यात तिथल्या एकतीस मुली ताप आणि जुलाबांनी आजारी पडल्या. दोघींना सलाईन लावावं लागलं. मुलींच्या नमुन्यांच्या प्लेटांवर फिक्या वसाहती आल्या, पोटात काळा डाग असलेल्या. पुढच्या सगळ्या चाचण्याही जुळल्या. तो साल्मोनेला नावाचा जंतू होता. आता प्रश्न एकच राहिला होता, की तो आला कुठून.

वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडे उत्तर तयार होतं. त्यांच्या मते स्वयंपाकीणकाकूंच्याच हातून हे झालं होतं. एकतीस जणी आजारी पडल्या आणि काकू तेवढ्या धडधाकट राहिल्या, म्हणजे जंतू त्यांच्याच पोटात लपलेला असणार. असं होऊ शकतं, हे खरं आहे. पण होऊ शकतं आणि झालं यांच्यामधलं अंतर रेक्टरबाईंनी एका उडीत पार केलं. एकोणीस वर्षं त्या स्वयंपाकघरात राबलेल्या काकूंना त्यांनी खोली रिकामी करायला सांगितली.

काकू स्वतःच नमुना घेऊन आल्या. पातळ वेणी, भाजल्याचे डाग असलेले हात. बाकावर बसायला सांगितलं तरी त्या उभ्याच राहिल्या. ताईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की टाकीच्या पाण्याला महिनाभर वास येतोय आणि हे आपण रेक्टरबाईंच्या कानावर तीनदा घातलंय, लिहूनही दिलंय. स्वयंपाकघरात त्या पाणी उकळूनच वापरत आणि उकळलेलंच पीत. मुली मात्र खेळून आल्या की थेट नळाला तोंड लावत. निघताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, जे असेल ते लिहा. पण जे नसेल ते लिहू नका.”

त्यांचा नमुना माझ्या वाट्याला आला. ताईंनी तार लाल होईपर्यंत तापवली, गार केली, नमुना उचलला आणि माझ्या पृष्ठभागावर आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. मग रात्रभर मी उबेच्या कपाटात उलटी पडून राहिले.

सकाळी ताईंनी मला खिडकीशी धरलं. माझ्यावर फिक्या वसाहती होत्या. काळ्या पोटाच्या. अगदी मुलींच्या प्लेटांसारख्या.

रेक्टरबाई नऊ वाजताच येऊन बसल्या होत्या, सोबत इस्पितळाचे मोठे डॉक्टर. दोघांनी मला पाहिलं. डॉक्टरांनी अहवालाचा कागद पुढे सरकवला. वरून दोनदा फोन आला होता, त्यांच्यावरही दडपण होतं, हे मी नाकारत नाही. ते म्हणाले, “दिसतंय की स्पष्ट. सही करा आणि मोकळ्या व्हा.”

“अजून नाही, सर,” ताई म्हणाल्या. “हा काळा डाग दोन घरचा असू शकतो. एक घर शोधायचं राहिलंय.”

“आणि तोवर आणखी मुली आजारी पडल्या तर?”

“तोवर नळ बंद करा. काकूंना हवं तर सुट्टी द्या. पण नाव मी लिहिणार नाही.”

रेक्टरबाई उठल्या आणि जोरात बोट दाखवायला गेल्या. त्यांच्या बांगडीचा धक्का लागून मी टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटले. माझा टवका उडाला तो तेव्हा. ताईंनी मला उचललं, जंतुनाशकाने टेबल पुसून घेतलं आणि कामाला लागल्या. खरं सांगते, दुखलं नाही. रागच इतका आला होता. अंगावर काळा डाग असला म्हणून मी कुणाविरुद्ध साक्ष दिली होती का? मी एवढंच सांगत होते, की इथं गंधकाचा वायू सुटलाय. पुढचं वाक्य लोकांनी माझ्या तोंडी घातलं होतं.

ताईंनी माझी एक वसाहत तारेवर घेऊन एका नळीतल्या पिवळसर माध्यमात सोडली. त्यात युरिया होता. शेजारच्या नळीत मुलींच्या प्लेटवरची वसाहत. साल्मोनेला युरियाला हात लावत नाही. पण दिसायला त्याच्यासारखाच एक जंतू आहे, प्रोटियस. निरोगी माणसाच्या आतड्यातही तो बिऱ्हाड करून असतो. तो युरिया फोडतो आणि नळी गुलाबी करतो.

तेवढ्या वेळात धुणारे काका वाफेतून काढलेली बाटली घेऊन वसतिगृहाकडे चालत गेले. त्यांना तिथं कुणी पाठवलं नव्हतं. फाटकावर अडवलं तेव्हा ते म्हणे एवढंच बोलले, की बाटली भरल्याशिवाय मी परत जात नसतो. टाकीपर्यंत काकूंनीच त्यांना नेलं.

दुपारी तीनच्या सुमाराला माझी नळी गुलाबी झाली. अशी भडक, की दारातूनही दिसावी. मुलींची नळी होती तशीच पिवळी. ताईंनी दोन्ही नळ्या उचलून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या. मग त्यांनी सकाळचा कागद स्वतःच्या हाताने फाडला.

टाकीच्या पाण्याला आणखी चार दिवस लागले. आधी ते जंतू वाढवणाऱ्या रसात ठेवलं, मग प्लेटांवर रेघा, मग सगळ्या चाचण्या. पाण्यात सापडला तो साल्मोनेलाच. टाकी अर्धी जमिनीत होती, तिच्या तळाला भेग होती आणि शेजारून मैल्याची फुटकी नळी जात होती. रेक्टरबाईंच्या टेबलावर त्याविषयीची तक्रार तीन आठवडे पडून होती.

काकूंना परत बोलावणं गेलं. त्यांनी उलट निरोप धाडला: “आधी टाकी रिकामी करा. मी शिडीवर चढून तळ बघेन, मगच शेगडी पेटवीन.” आणि खरोखरच त्या चढल्या. मुली खाली उभ्या राहून वर बघत होत्या म्हणे. रेक्टरबाई काकूंची माफी मागायला कधी आल्या नाहीत. त्यांची पुढच्या महिन्यात बदली झाली. ताईंना मात्र ‘अहवालास विलंब’ म्हणून एक पत्र मिळालं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

पुढे पाकिटातून येणाऱ्या प्लास्टिकच्या प्लेटा आल्या. एकदा वापरायच्या, टाकायच्या. त्यांच्याशी माझं वैर नाही, त्याही खरंच बोलतात. धुणारे काका निवृत्त झाले, ताईही गेल्या. मला मागच्या कपाटात टाकलं. तीन वर्षं कुणीतरी माझ्यात टाचण्या ठेवल्या. टाचण्यांनी ओरखडे पडले, पण माझी काच अजून स्वच्छ आहे. उजेडात धरा आणि बघा. आता भंगाराच्या यादीत माझा नंबर लागलाय.

तर मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्या पाण्याची टाकी जपा, आलेली तक्रार पहिल्याच दिवशी वाचा, आणि सही करायला नकार देणाऱ्या माणसाला जपा. काच काय, पुन्हा वितळते, पुन्हा साच्यात जाते. मला फेकायचं तर खुशाल फेका. पण माणसाला फेकून देण्याआधी, दुसरी नळी काय म्हणते तेवढं बघून घ्या.