धुतलेली भेंडी

भेंडी मी धुतली होती. एवढंच सांगायचं होतं, आणि त्याला मला सहा दिवस लागले.

आमची भाजी दर शनिवारी शेतकरी बाजारात जाते. आठवडाभर थोडीथोडी भाजी गावातच विकली जाते, पण बाजारासाठी शुक्रवारी सकाळी तोडणी, दुपारी निवडणं आणि भरणं, मग रात्रभर थंड खोलीत, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाडीत. थंड खोली म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. विटांच्या दोन भिंती, त्यांच्या मधल्या फटीत वाळू, आणि त्या वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. आत गेलं की माठाच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. कुठली भाजी कुठे ठेवायची हे सासूबाईंना पाठ. पालेभाजी खाली भिंतीलगत, भेंडी वरच्या फळीवर दाराशी, टोमॅटो आत नाहीतच. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. आईंनी ती वही दोन मिनिटं चाळली आणि म्हणाल्या, की छान आहे, पण आमच्या भाजीला वाचता येत नाही.

त्या वहीत भेंडीपुढे मी लाल शाईने लिहिलं होतं, ‘पाणी नाही’. आणि मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

पानांवरचं दंव उडाल्याशिवाय आमच्याकडे भेंडीच्या रांगेत कुणी शिरत नाही. दंव उडालं की नाही हे ठरवायची कात्रीमावशी. गळ्यात दोरीला कात्री, म्हणून हे नाव. खरं नाव घरात फार कुणी घेत नाही. साठी कधीच ओलांडलेली. तळहात कामाने राठ झाले म्हणून ती हाताची मागची बाजू पानाला टेकवायची, मग गालाला लावायची. ती ‘चला’ म्हणाली की बाकीच्या बायका जुने मोजे कापून केलेल्या बाह्या कोपरापर्यंत चढवायच्या, कारण भेंडीची लव फार खाजवते, आणि रांगा धरायच्या. ‘थांबा’ म्हणाली तर आईसुद्धा थांबायच्या. आमच्या ह्यांना भेंडीच्या रांगेत आपण चालायला शिकवलं असं ती सगळ्यांना सांगते. हे म्हणतात, चालायला नाही, पळायला. मागे कात्री होती ना.

माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. मध्यंतरी तिचं पोट बिघडलं, दोन दिवस डोळे खोल गेले होते तिचे, आणि तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलं आहे. चमचा मी दोनदा उकळते. खेळण्यांना आंघोळ घालते. आता एक दिवस मलाही उकळशील, असं हे म्हणतात. मी हसते, पण झोपलेल्या पोरीचा श्वास मोजायचं काही सुटत नाही.

एका शनिवारी बाजारात एक बाई आली होती, छातीशी झोळीत बाळ बांधलेलं. तिने भेंडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, धुतलेली आहे ना. बाळ नुकतंच वरचं खायला लागलंय, असंही म्हणाली. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं अगदी माझ्यासारखी. घरी धुऊन घ्या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, हो, आमच्याकडे सगळं धुऊनच येतं. ती इतकी निवांत झाली की मलाही बरं वाटलं.

खोटं बोलले ते बोलले. त्यावर कडी म्हणजे पुढच्या शुक्रवारी ते खरं करायला गेले. आई आणि हे शेडमध्ये पालकाच्या जुड्या बांधत होते, पोर झोपली होती. मी भेंडीचा अख्खा क्रेट टबात ओतला, दोन पाण्यांतून काढला, आणि एकेक भेंडी पोरीच्या धुतलेल्या दुपट्यांनी पुसली. तासभर तरी गेला. लव निघून ती अशी चकाकत होती की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग क्रेट गच्च भरून वरच्या फळीवर ठेवला आणि दुपटी वाळत घातली. पोरीची दुपटी रोजच वाळत असतात, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी बाजारात ह्यांनी क्रेटवरचं कापड काढलं आणि पुन्हा टाकलं. मग आईंनी काढलं. वरच्या थरावर काळे डाग होते. खालची भेंडी बुळबुळीत होऊन एकमेकींना चिकटली होती. आदल्या सकाळी धुकं पडलं होतं, हे सगळ्यांना आठवत होतं. आईंनी एक भेंडी नाकाशी धरली.

“ओल्यात तोडलीय,” त्या म्हणाल्या.

हे म्हणाले, “मावशीचे हात आता…” आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी मापं एका ओळीत लावत होते. ती आधीच एका ओळीत होती.

सोमवारी आईंनी मावशीला सांगितलं, की उन्हात फार फिरू नकोस, शेडमध्ये बसून कांद्याची पात निवड. भेंडीचं काय ते पुढच्या हंगामात बघू. आमच्या घरात ‘पुढे बघू’ म्हणजे नाही. मावशीलाही ते ठाऊक होतं. ती भांडेल असं मला वाटलं होतं. खरं तर भांडावं अशी माझी इच्छा होती. भांडली असती तर बोलणं निघालं असतं, बोलण्यात मी निघाले असते. ती फक्त म्हणाली, “बरं.”

पात निवडायचं टेबल माझ्या खिडकीसमोर आहे. मंगळवारी मी पाहिलं, मावशी टेबलाला हाताची मागची बाजू टेकवत होती. मग गालाला. मग पुन्हा टेबलाला. मी पोरीला कडेवर घेऊन तिथून जात होते, तर मला हाक मारली.

“सूनबाई, हे ओलं आहे का गं? बघ जरा.”

मी हात लावला. “कोरडं आहे, मावशी.”

“मलाही तसंच वाटत होतं,” ती म्हणाली, जणू काही चुकून बरोबर उत्तर आलं होतं.

बुधवारी तिने मला तीनदा विचारलं. एकदा कापडाबद्दल, एकदा पातीबद्दल, एकदा स्वतःच्या पदराबद्दल. आता पदर तरी! बाकीच्या बायका तिची थट्टा करत होत्या, की मावशी, तुझा हात दुरुस्तीला टाकायला हवा. ती हसली. दरवेळी मी हात लावून सांगत होते, हे ओलं, हे कोरडं, आणि ती मान डोलवत होती. ज्या बाईच्या एका शब्दावर अख्खं शेत थांबायचं, ती माझ्या हातावर विश्वास ठेवत होती. माझ्या.

त्या रात्री जेवण गेलं नाही. ह्यांना वाटलं पोरीला पुन्हा काहीतरी झालं. मी नाही म्हटलं आणि भांडी घासायला उठले.

गुरुवारी मावशीने निघताना आईंना सांगितलं, की लेक बोलावतेय, हंगाम संपला की तिच्याकडेच जाऊन राहीन म्हणते. हातच फसवायला लागले तर इथे बसून काय करू, नुसती जागा अडवायची.

ती फाटकाबाहेर गेली. आई क्रेटच्या तळाशी कागद घालत होत्या. मी पोरीला जमिनीवर ठेवलं, कारण तिला कडेवर घेऊन बोलले असते तर मी तिच्या आड लपले असते. आणि सांगितलं. भेंडी मी धुतली होती. त्या बाईला खोटं बोलले होते, म्हणून.

आईंचे हात थांबले नाहीत. एक क्रेट झाला, दुसरा झाला. ओरडल्या असत्या तर बरं, असं वाटत होतं.

“मला सांगून काय उपयोग?” त्या शेवटी म्हणाल्या. “तिचा हात मी खोटा ठरवला. तू गप्प बसलीस म्हणून ठरवला. आता जा आणि तिला सांग.”

मी तशीच गेले. मावशी दारात बसून पाय धूत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टब, दोन पाणी, दुपटी, सगळं. तिने तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“पोरी, माझी समजूत काढायला आलीस होय? तू एवढी शिकलेली. तू असं कशाला करशील?”

मी शपथ घेतली. ती हसली. म्हणाली, की मनाला लावून घेऊ नकोस, वय झालं की व्हायचंच. कालच स्वतःचा पदर ओला की कोरडा कळत नव्हता मला, ते तूच नाही का सांगितलंस? हे तिने मला पुरावा म्हणून सांगितलं. माझ्याविरुद्ध माझंच.

म्हणून शुक्रवारी मी सगळ्या बायकांसमोर आईंना म्हणाले, की आजची भेंडी मावशीच तोडेल. मावशी नको नको म्हणत होती. त्या दिवशीही धुकं होतं. ती रांगेच्या तोंडाशी कितीतरी वेळ उभी राहिली, पानाला हात, गालाला हात. ऊन चांगलं डोक्यावर आलं तरी ‘चला’ म्हणेना. आईंनी घाई केली नाही. दुपारी मी तिच्यादेखत तिच्या भेंडीचे दोन भाग केले. एक तसाच क्रेटमध्ये भरला. दुसरा टबात घातला, दोन पाण्यांतून काढला, त्याच दुपट्यांनी पुसला. बायका कडेने उभ्या होत्या. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी गप्प केलं. तासभर कुणी जागचं हललं नाही.

शनिवारी सकाळी गाडी भरायच्या आधी आईंनी दोन्ही क्रेट शेडच्या उजेडात आणले. कोरडी भेंडी हिरवीगार होती, लवेसकट. माझ्या क्रेटमध्ये मावशीने हात घातला आणि बाहेर काढला, तर बोटांना तार आली.

तिने ती बोटं पातीच्या टेबलाला पुसली. माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात गुरुवारचं प्रेम नव्हतं, आणि मी मनात म्हटलं, ठीक आहे, हेच घ्यायला आले होते मी.

“मंगळवारी तुला विचारलं,” ती म्हणाली. “बुधवारी तीनदा विचारलं. तू माझ्यासमोर टेबलाला हात लावून सांगत होतीस, कोरडं आहे म्हणून.”

“हो.”

“तेव्हा माहीत होतं तुला.”

“हो, मावशी.”

आईंनी तिला बाजूला नेलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण आईंनी तिचे दोन्ही हात धरलेले मला दिसले, आणि तिने ते सोडवून घेतलेलेही.

सोमवारी भेंडीची तोडणी पुन्हा मावशीकडे गेली. पात निवडायला मी बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी पोर पाटीत बसून पातीचा तुकडा चघळत होती, न धुतलेला, आणि मी तिला चघळू दिला. समोर बायका बाह्या चढवून उभ्या होत्या. मावशीने पानाला हात लावला, गालाला लावला. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने पुन्हा लावला. मग शेजारच्या बाईकडे वळून हळूच विचारलं,

“वाळलंय ना गं?”

शेजारणीने पान चाचपलं. “वाळलंय, मावशी.”

“मग चला,” ती म्हणाली.